विश्लेषण : लग्नपत्रिकेपासून पालखीच्या फ्लेक्सपर्यंत... रोजचे मराठी अक्षर घडवते कोण?

नीरा आणि भीमा या नद्यांच्या संगमावर वसलेले, इंदापूर तालुक्यातील नरसिंहपूर हे लक्ष्मी-नृसिंहाचे क्षेत्र. राज्यभर विखुरलेल्या अनेक घराण्यांचे हे कुलदैवत असल्याने या घरांतील लग्नपत्रिका कुठल्याही गावात छापली, तरी तिच्या माथ्यावर 'श्री लक्ष्मी-नृसिंह प्रसन्न' ही ओळ हमखास असते. वाचणाऱ्यासाठी ती श्रद्धेची ओळ आहे. फॉन्ट तयार करणाऱ्यासाठी मात्र ती अवघड परीक्षा आहे. 'श्री'मध्ये 'श'ला 'र' जोडायचा आणि वर दीर्घ वेलांटी द्यायची. 'लक्ष्मी'मध्ये क, ष, म ही तीन व्यंजने एकाच अक्षरात बसवायची. 'नृ'च्या पायाशी ऋकार लटकतो, तर 'सिं'च्या डोक्यावर वेलांटी आणि अनुस्वार एकमेकांना न धडकता मावायला हवेत. त्यात हा 'ल' मराठी वळणाचा हवा की हिंदी, हा प्रश्न वेगळाच.

हे सगळे कुणीतरी बसून ठरवलेले असते. डिझाइन म्हटले की साडीची नक्षी, मोटारीचा आकार किंवा शहरातले महागडे फर्निचर डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात खेड्यात असो वा शहरात, माणूस दिवसभरात सर्वाधिक वेळा जे डिझाइन पाहतो ते अक्षराचे असते. मोबाइलचा पडदा, दुधाची पिशवी, एसटीची पाटी, खताचे पोते, सातबारा... सगळीकडे अक्षरेच. ती कुणी काढली, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

खिशातले डिझाइन

एक उदाहरण सर्वांच्या खिशात आहे. रुपयाचे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. ते तयार करणारे डी. उदय कुमार हे त्या वेळी आयआयटी मुंबईच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात, म्हणजे आयडीसीमध्ये संशोधन करत होते. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांचा मेळ घालून वर शिरोरेषा ठेवलेले हे चिन्ह आज नोटांवर, नाण्यांवर आणि मोबाइलच्या कीबोर्डवर आहे. एका विद्यार्थ्याची रेघ इतक्या लोकांच्या हातात रोज जाते, असे दुसरे उदाहरण देशात शोधणे कठीण.

'वारकऱ्यांचे' की 'वारकर्यांचे'?

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, इंदापूर ओलांडून सराटीला येते आणि नीरा पार करून अकलूजकडे जाते. या मार्गावर स्वागताचे फ्लेक्स दुतर्फा लागतात. त्यांतल्या काहींवर 'वारकऱ्यांचे' ऐवजी 'वारकर्यांचे' असे दिसते. 'शेतकऱ्यांना'चे 'शेतकर्यांना' होते. व्हॉट्सअ‍ॅपवर तर हे रोजचेच.

ही निव्वळ टंकलेखकाची डुलकी नाही. मराठीत 'र'ला पुढचे अक्षर दोन प्रकारे जोडले जाते. एक म्हणजे अक्षराच्या डोक्यावर बसणारा रफार, जसा 'सूर्य'मध्ये. दुसरा म्हणजे अक्षराच्या अलीकडे येणारी आडवी, पापणीसारखी वळलेली रेघ, जशी 'वारकऱ्या'मध्ये. या फरकाने अर्थ बदलतो. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' आमंत्रण दिले तर विद्वान येतील, 'आचाऱ्यांना' दिले तर स्वयंपाकी.

हिंदीला या दुसऱ्या रूपाची सहसा गरज पडत नाही. त्यामुळे हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या कीबोर्डवर आणि फॉन्टमध्ये त्याकडे दुर्लक्ष होते. संगणकाला हे रूप हवे आहे हे सांगण्यासाठी साधा 'र' न टाइप करता खाली टिंब असलेला 'ऱ' टाइप करावा लागतो. पुढे हलन्त आणि मग 'य'. हे टाइप करणाऱ्याला माहीत हवे, कीबोर्डवर ते अक्षर सापडायला हवे आणि फॉन्टमध्ये त्या जोडणीचा आकार कुणीतरी काढून ठेवलेला हवा. या तीनपैकी एक जरी कडी निसटली, तरी वारकरी बिघडतो.

पत्रिकेवर ठीक, मोबाइलवर कचरा... असे का?

अनेक डीटीपी दुकानांत आजही 'श्रीलिपी', 'कृतिदेव' अशा फॉन्टच्या जुन्या पद्धतीवर काम चालते. 'श्रीलिपी' ही पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. युनिकोड रुळण्याआधी छापील मराठी या फॉन्टनीच तगवून धरली, हे मान्य करायला हवे. पण त्यांची युक्ती अशी होती, की फाइलमध्ये साठवली जायची इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवायचा. दुकानातल्या संगणकावर मुखवटा असतो, म्हणून पत्रिका सुबक निघते. तोच मजकूर गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पाठवला की मुखवटा गळून पडतो आणि खालची इंग्रजी खिचडी दिसते.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र कप्पा आहे. फाइलमध्ये 'ल'चा क्रमांक साठवला, की तो पुण्यात, अकलूजमध्ये किंवा अमेरिकेतल्या नातेवाइकाच्या फोनवरही 'ल'च राहतो. जोडाक्षरांना मात्र वेगळे क्रमांक नाहीत. क, हलन्त, ष, हलन्त, म असा क्रम आला की कोणता आकार दाखवायचा, याचे नियम फॉन्टच्या आत लिहिलेले असतात. म्हणजे फॉन्ट हे निम्मे चित्र आणि निम्मा संगणकीय प्रोग्रॅम असतो. इंग्रजी अक्षरे मोठी-लहान धरून ५२. देवनागरी फॉन्टसाठी जोडाक्षरे, अर्धी अक्षरे आणि मात्रांची रूपे धरून शेकडो आकार काढावे लागतात. जाड आणि बारीक अशी प्रत्येक जात वेगळी सांभाळावी लागते, ते निराळेच.

मग दुकानदार युनिकोडकडे का वळत नाहीत? कारण आळसापेक्षा व्यवहाराचे आहे. कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे फुटतात. फोटोशॉपमध्ये भारतीय लिपीसाठीची सेटिंग शोधून बदलावी लागते. हाताला जुना कीबोर्ड बसलेला असतो आणि लग्नसराईत दिवसाला ढीगभर पत्रिका काढायच्या असतात. अशा वेळी नवे शिकायला वेळ कुणाला आहे?

हा 'ल' मराठी आहे का?

वाचकाने याच लेखातला 'ल' बोटांनी मोठा करून पाहावा. मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या पसरल्या असतील तर तो मराठी वळणाचा. उजवीकडे सरळ उभा दंड असेल तर तो हिंदी वळणाचा. 'श'बाबतही असाच फरक आहे. राज्य सरकारने नोव्हेंबर २००९ मध्ये मराठी वर्णमालेबाबत शासन निर्णय काढला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यात सुधारणा केली. त्यात पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हीच मराठीची रूपे ठरवण्यात आली आहेत.

गंमत अशी, की युनिकोडमध्ये दोन्ही 'ल'चा क्रमांक एकच आहे. कोणते रूप दिसावे हे फॉन्ट ठरवतो. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात. मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवली असेल तर मराठी रूप पुढे येते, नाही तर हिंदी. संकेतस्थळ किंवा अ‍ॅप बनवणाऱ्याने ही एका शब्दाची नोंद विसरली, तरी संपूर्ण मराठी मजकूर हिंदी वळणात दिसतो. शाळेत पाकळीचा 'ल' गिरवणारे मूल मोबाइलवर दंडाचा 'ल' वाचत मोठे होते, ते यामुळे.

अक्षरे काढणारी माणसे

विंडोज २००० पासून संगणकांवर आलेला 'मंगल' हा फॉन्ट लाखो मराठी माणसांनी वापरला. तो काढणारे र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे जाहिरात क्षेत्रातून आलेले सुलेखनकार, कवी आणि आयडीसीतील प्राध्यापक. १९६९ मध्ये सुरू झालेली आयडीसी ही लिपीच्या अभ्यासाची महत्त्वाची जागा ठरली. अक्षररचनेवरील 'टायपोग्राफी डे' ही परिषदही २००८ मध्ये तिथूनच सुरू झाली. त्याआधी मराठी डोळ्यांना अक्षराची गोडी लावली ती वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींनी. कमल शेडगे यांनी रंगवलेली नाटकांची नावे वाचण्याआधीच ओळखू येत. अच्युत पालव यांनी मोडी लिपीच्या वळणांतून सुलेखन घडवले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

नंतरच्या पिढीचे काम मात्र कागदापेक्षा पडद्यावर जास्त दिसते. मुंबईतील 'एक टाइप' हा गट त्याचे ठळक उदाहरण. गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांचा 'मुक्ता' सात जाडींमध्ये मिळतो आणि असंख्य मराठी संकेतस्थळांवर दिसतो. सारंग कुळकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा 'मोदक' हा नावाप्रमाणेच गुबगुबीत. अक्षरांच्या आतली पोकळी जवळपास बुजवूनही तो वाचता येतो. याच गटाचा 'बालू' मुलांच्या पुस्तकांपासून दुकानांच्या पाट्यांपर्यंत पोहोचला. २०२२ मध्ये आलेला 'अनेक' रोमनसह दहा लिप्यांमध्ये आहे. ही नावे वाचकाने कधी ऐकली नसतील, पण अक्षरे नक्की पाहिली असतील.

यातला महत्त्वाचा मुद्दा पैशांचा आहे. हे फॉन्ट मुक्त परवान्यावर आहेत. ते उतरवून घेणे, त्यात पत्रिका छापणे, फ्लेक्स विकणे, सगळे मोफत आणि कायदेशीर आहे. राज्य मराठी विकास संस्थेचे 'यशोमुद्रा' आणि 'यशोवेणू' हे मराठी फॉन्टही असेच मोफत आहेत. तरीही चोरीचा जुना फॉन्ट वापरण्याची सवय सुटत नाही, कारण मोफत फॉन्ट आहे ही बातमीच तालुक्याच्या दुकानापर्यंत पोहोचलेली नाही. नव्या डिझायनरची अडचण याच्या उलट आहे. शेकडो आकार काढण्यात वर्ष-दोन वर्षे जाऊ शकतात आणि तो खर्च एखादी मोठी कंपनी किंवा संस्था उचलते तेव्हाच फॉन्ट मोफत देता येतो. एकट्याने काढलेला मराठी फॉन्ट विकत घेणारे गिऱ्हाईक अजून फारसे तयार झालेले नाही.

पेंटरची सही

फ्लेक्स येण्याआधी गावातली पाटी पेंटर रंगवायचा आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत स्वतःचे नाव टाकायचा. डिझायनरची ओळख गावाला असण्याचा तो काळ. पाटी पाहून अमक्या पेंटरचे काम, हे लोक सांगायचे. फ्लेक्सच्या कोपऱ्यात आता दुकानाचा मोबाइल क्रमांक असतो. अक्षर कुणाचे, हे छापणाऱ्यालाही ठाऊक नसते. दिल्लीचे कलाकार हनीफ कुरेशी यांनी अशा पेंटरांची इंग्रजी अक्षरे जमवून त्यांचे फॉन्ट केले आणि त्यांना पेंटरांचीच नावे दिली. महाराष्ट्रातील गावोगावच्या पेंटरांच्या देवनागरीसाठी असे काम करायला अजून वाव आहे, आणि ते करू शकणारे हातही दूर नाहीत. पुणे-सोलापूर महामार्गावर, इंदापूरला येतानाच लागणाऱ्या लोणी काळभोरला डिझाइनचे शिक्षण देणारी संस्था आहे.

कायदा काय पाहतो?

मार्च २०२२ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक केली. मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, असेही त्यात आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील व्यापाऱ्यांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. म्हणजे अक्षराचा आकार किती मोठा असावा, हे कायद्याने मोजले. 'ल' आणि 'श' कसे असावेत, हे शासन निर्णयाने सांगितले. पण सरकारी योजनेचा फ्लेक्स छापताना ते रूप आणि 'शेतकऱ्यांना'मधली ती पापणी तपासण्याची जबाबदारी कुणाकडेच दिसत नाही.

ग्रामपंचायत, शाळा, देवस्थान किंवा सोसायटी पाटीचे काम देताना ही तपासणी स्वतःच करू शकते. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. छापण्याआधी नमुन्यात तीन शब्द मागून घ्यावेत : 'शेतकऱ्यांना', 'लक्ष्मी' आणि 'नृसिंह'. पहिल्यात रफार डोक्यावर चढला नाही ना, दुसऱ्यात 'ल'ला पाकळ्या आहेत ना आणि क्ष-म फुटले नाहीत ना, तिसऱ्यात वेलांटी आणि अनुस्वार एकमेकांवर चढले नाहीत ना, एवढे पाहायचे. मग तोच मजकूर स्वतःच्या मोबाइलवर मागवायचा. तिथेही तो तसाच दिसला, तर फाइल युनिकोडमध्ये आहे.