नाव कुणाचं, फंड कुणाचा?

मागच्या पावसाळ्यात वस्तीतल्या आमच्या केंद्रावर एक बाई पगाराच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आल्या. भोसरीजवळच्या एका रुग्णालयात त्या कंत्राटदारामार्फत सफाईचं काम करतात. वय ३६, पण तिथे सगळे त्यांना 'मावशी'च म्हणतात. म्हणाल्या, "ताई, दर महिन्याला फंड कापतात. मुलाच्या फीसाठी थोडे काढावेत म्हटलं, तर खात्यात १४ महिन्यांचं काहीच नाही. ऑफिसातला माणूस म्हणतो, तुमचंच आधार जुळत नाही, आम्ही काय करणार?"

'तुमचंच' हा शब्द त्या स्वतःही पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "माझंच काहीतरी चुकलंय, ताई." पैसे त्यांचे कापले गेले होते, भरले नव्हते दुसऱ्याने, आणि अपराधी वाटत होतं त्यांना! मैत्रिणींनो, हा अनुभव आपल्यातल्या अनेकींनी आपापल्या भागात घेतला असेल. म्हणून हे प्रकरण जरा उलगडून पाहू.

भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ सालचा. २० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना तो लागू झाला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता आली तरी २० ची ती अट कायम राहिली. (म्हणजे घरकामगार आणि लहान दुकानांतल्या बाया आधीही बाहेर होत्या, आजही बाहेरच आहेत.) सर्वसाधारणपणे मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के कामगाराचे कापतात आणि तेवढेच मालकाने घालायचे. मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मालकाने पैसे भरायचे आणि सोबत कामगारांची यादी द्यायची. त्या यादीत प्रत्येकीच्या नावासमोर १२ आकडी यूएएन क्रमांक लागतो. हा क्रमांक २०१४ पासून सुरू झाला. नोकऱ्या कितीही बदलल्या तरी क्रमांक एकच राहावा, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच होता.

पण १ सप्टेंबर २०२१ पासून आधारशी न जोडलेला क्रमांक या यादीत स्वीकारणं बंद झालं. विडी, बांधकाम आणि मळ्यांच्या उद्योगांना त्या वर्षीच्या डिसेंबरअखेरपर्यंत मुदत मिळाली, एवढंच. जोडणीसाठी दोन्हीकडचं नाव, जन्मतारीख आणि लिंग जुळावं लागतं. यात पहिली अडते ती बाई.

का, ते या मावशींच्याच कागदांवरून सांगते. २००९ साली, लग्नाआधी, त्या एका पॅकिंगच्या कारखान्यात लागल्या. तेव्हा दिला तो शाळेचा दाखला, त्यावर माहेरचं नाव. त्याच नावाने २०१४ मध्ये यूएएन मिळाला. २०१५ मध्ये लग्न झालं, नोकरी सुटली. ताटातल्या तांदळांत नवऱ्याने नवं नाव लिहिलं. म्हणजे पहिलं नाव बदललं, वडिलांच्या जागी नवरा आला आणि आडनावही बदललं. तीन शब्दांपैकी एकही जुना उरला नाही. आधार सासरच्या नावाने झालं. २०१९ मध्ये त्या रुग्णालयात लागल्या, तेव्हा पहिल्या कंत्राटदाराने जुना क्रमांक न विचारता आधारवरून सरळ नवा काढला. २०२१ च्या शेवटी कंत्राटदार बदलला. नव्याच्या माणसाने "फंडाचा नंबर आणा" म्हटल्यावर मावशींनी पेटीत जपलेली कारखान्याची चिठ्ठी नेऊन दिली. त्यावर माहेरच्या नावाचा जुना क्रमांक. तो आधारशी जुळेना, यादी पुढे जाईना. मग त्या माणसाने सोपा मार्ग काढला. यादीतून मावशींचं नाव गाळलं. पगारातली कपात मात्र चालू ठेवली!

असं १४ महिने चाललं. पुढे नवी चिठ्ठी सापडली आणि नव्या क्रमांकावर भरणा सुरू झाला, पण मागचे १४ महिने तसेच राहिले.

त्यांचं नाव मी इथे देत नाही. द्यायचंच तर कोणतं देऊ, हाही प्रश्नच आहे. पुरुषाचं नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच असतं आणि सगळ्या नोंदवह्या ते गृहीत धरून आखलेल्या असतात. लग्नात बाईचं नाव पुसायचं, हे समाज ठरवतो. पुढे ते जुळत नाही म्हणून दंड मात्र तिलाच. आपल्या चळवळीने नाव न बदलण्याचा आग्रह अनेक वर्षं धरला आणि तो योग्यच आहे. पण ज्यांची नावं बदलून झाली, त्यांना "कशाला बदललंत?" असं आपणही विचारू लागलो तर त्या कारकुनात आणि आपल्यात फरक काय राहिला?

जन्मतारखेचंही तसंच. दाखला नसलेल्या कित्येक बायांच्या आधारवर १ जानेवारी ही तारीख पडलेली असते. क्रमांक आधारशी जुळला पाहिजे असं फंडाचं कार्यालय म्हणतं. पण १६ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने जन्मतारखेचा पुरावा म्हणून मात्र आधार बाद केलं. ज्या बाईला शाळाच पाहायला मिळाली नाही, तिने कोणता कागद आणायचा? सिव्हिल सर्जनचा दाखला आणि सोबत प्रतिज्ञापत्र, अशी सोय आहे. पण त्यासाठी किती खाडे पडतील आणि किती रोज बुडेल? शिवाय दुरुस्तीचा ओटीपी जातो मोबाइलवर आणि मोबाइल असतो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे. ऑगस्ट २०२५ पासून नवा क्रमांक कामगाराने स्वतःच उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवून काढायचा आहे. स्मार्टफोन नसलेल्या बाईने पुन्हा कुणाच्या तरी तोंडाकडेच पाहायचं.

यात नुकसान होतं ते नुसतं १४ महिन्यांचं नाही. पेन्शनला निदान १० वर्षांची सेवा लागते. मावशींची कारखान्यातली ६ वर्षं आणि रुग्णालयातली ६ वर्षं. मधली पेन्शनची रक्कम त्यांनी काढलेली नाही, म्हणजे एकत्र केली तर १२ भरतात. पण दोन क्रमांकांत विभागलेली राहिली तर दोन्हीकडे अपुरी. बाई मध्येच काम सोडते, कधी लग्नासाठी, कधी बाळंतपणासाठी, कधी सासू आजारी म्हणून. पुन्हा उभी राहते तेव्हा नवं नाव, नवा कंत्राटदार, नवा क्रमांक. तिच्या आयुष्यातल्या प्रत्येक तुटीची किंमत म्हातारपणी अशी वसूल होते.

कुणी म्हणेल, नोंदी जुळवायला नकोत का? हव्यातच. एकीचे पैसे दुसरीच्या खात्यात गेले, खोट्या नावाने कुणी काढून नेले, तर तेही आपलंच नुकसान. आणि यादी भरणाऱ्या कारकुनालाच खलनायक करूनही भागणार नाही. तो, पुष्कळदा तीही, तुटपुंज्या पगारावर २०० नावं एका दिवसात भरत असते. मुद्दा जबाबदारीचा आहे. योग्य क्रमांकासह यादी भरणं आणि पैसे भरणं हे मालकाचं काम आहे. क्रमांक जुळत नसेल तर कामगाराला वेळीच सांगायचं, संयुक्त अर्ज भरून दुरुस्ती करून घ्यायची. कंत्राटदाराने भरलं नाही तर मूळ मालकाने भरायचं, अशी तरतूद आहे. उशिराबद्दल व्याज आणि नुकसानभरपाई मालकाकडून वसूल होते. आणि कामगाराचा हिस्सा कापून न भरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताचा गुन्हा ठरतो. 'आधार जुळत नाही' ही त्यावरची पळवाट होऊ शकत नाही.

मावशींच्या बाबतीत आम्ही हेच लेखी मांडलं. १४ चिठ्ठ्यांच्या प्रती जोडून कंत्राटदाराला आणि रुग्णालयालाही पत्र दिलं, एक प्रत फंडाच्या कार्यालयाला. दोन महिन्यांत पैसे भरले गेले. कागदावर रुग्णालयाचं नाव आल्याबरोबर इतके दिवस 'होत नाही' ते झालं! जुन्या क्रमांकावरच्या नावाची दुरुस्ती अजून चालू आहे. कारखान्याच्या मालकाच्या सहीसाठी तीन खेपा झाल्या. ते झालं की जुनं खातं नव्यात वळवायचं आहे.

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात मी समुपदेशन शिकले, वस्तीची पाहणी शिकले. पगाराची चिठ्ठी वाचायला मला कुणी शिकवलं नाही, आणि आपल्या शिबिरांतही आपण ते क्वचितच शिकवतो. मारहाण, पोटगी, रेशन यांच्या जोडीला आता हेही घ्यायला हवं. प्रत्येक गटाने निदान एवढं करावं:

कामावरच्या प्रत्येक बाईचा यूएएन, आधार, बँकेचं पासबुक आणि चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवून नावाचं अक्षर न् अक्षर ताडून पाहावं.

पासबुकातला भरणा दर तीन महिन्यांनी पाहावा. चिठ्ठ्या कधीही फेकू नयेत.

नव्या कामावर लागताना जुना क्रमांक स्वतःहून सांगावा. दुसरा काढू देऊ नये.

१ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळालेल्या आणि आधारने पडताळलेल्या क्रमांकात नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती अशा दुरुस्त्या जानेवारी २०२५ पासून सदस्याला स्वतः करता येतात. जुन्या आणि न जुळणाऱ्या क्रमांकांना अजून मालक लागतो. कारखाना बंद पडला असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा आपलं खातं असलेल्या बँकेचा व्यवस्थापक यांच्या सहीने अर्ज फंडाच्या कार्यालयात देता येतो.

फंडाच्या कार्यालयाची 'निधी आपके निकट' शिबिरं २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत भरतात. तिथे एकेकटीने न जाता गटाने जावं.

आणि मागणी एकच, पण ठामपणे करू या. क्रमांक चुकला किंवा जुळला नाही तरी कापलेला पैसा मालकाकडे राहता कामा नये. तो त्याच महिन्यात फंडाकडे जमा व्हावा, नोंद मागून दुरुस्त होत राहील. बाईचं नाव दहादा बदललं तरी राबणारे हात तेच आहेत. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या चिठ्ठ्या घेऊन या. सुरुवात आपल्याच संस्थांच्या पगारपत्रकांपासून करू. तिथेही किती जणींचे क्रमांक अडलेले निघतील, कोण जाणे!