दार उघडेल, पण वीज असेल तर

नव्या मोटारींची दारं आता जोर लावून ओढावी लागत नाहीत. किल्ली खिशात ठेवून जवळ गेलं की मुठी बाहेर येतात. बटण दाबलं की खिट्टी सुटते. काही मोठ्या गाड्यांचं सरकतं दार तर आपोआप उघडतं आणि मिटतं. गुडघेदुखीने बेजार दादी किंवा कडेवर बाळ आणि हातात पिशव्या असलेली अम्मी, दोघींनाही ही सोय सुखाची वाटते. पण सोयीबरोबर तिच्यातली गोमही ठाऊक हवी.

जुन्या दाराची मूठ ओढली की आतली सळई किंवा तार खिट्टी सोडवते. नव्या दाराची मूठ नुसता इशारा देते. खिट्टी सोडवते ती छोटी विद्युत मोटार. तिला वीज मिळते बहुधा १२ व्होल्टच्या बॅटरीतून. विजेवरच्या गाडीची मोठी बॅटरी भरलेली असली, तरी ही छोटी बॅटरी उतरली की दार मुकं होतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने टेस्लाच्या २०२१ सालच्या मॉडेल वाय गाड्यांची चौकशी याच कारणाने सुरू केली. आईवडील बाहेर, मूल आत आणि मूठ बंद, अशा तक्रारी होत्या. काहींना काच फोडून मुलाला काढावं लागलं. चीनने तर नियमच केला आहे: १ जानेवारी २०२७ पासून नव्या मॉडेलचं दार आतून-बाहेरून विजेशिवायही उघडता आलं पाहिजे.

मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ च्या पावसात गाड्या पाण्यात अडकल्या, दारं-काचा उघडेनात आणि काही माणसं आतच गुदमरून गेली. तेव्हा कुलूप आणि काचाच विजेवर होत्या. आता खिट्टीही विजेवर आली.

मग करायचं काय? गाडी घेताना विक्रेत्याला एकच विचारा: वीज गेली तर प्रत्येक दार कसं उघडायचं? हाताने उघडायचा खटका असतो, पण मागच्या दारात तो कधी कप्प्यातल्या मॅटखाली, तर कधी गालिच्याखाली दडलेला असतो. काही गाड्यांत मागे तो नसतोच. काच फोडायची छोटी हातोडी चालकाच्या हाताशी ठेवा. डिकीत ठेवून उपयोग नाही. घाव बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर घाला. समोरची काच थरांची असते, ती तडकते पण सुटत नाही. काही नव्या गाड्यांत बाजूची काचही तशीच असते, तेही विचारून घ्या. सरकत्या दाराला अडथळा ओळखण्याची सोय असते, तरी लहान बोटांच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नका.

ईदला गावी निघण्याआधी पाच मिनिटं काढा. घरातल्या प्रत्येकाने, दादीने आणि जाणत्या मुलांनीसुद्धा, तो खटका एकदा स्वतःच्या हाताने ओढून पाहावा. अंधारात आणि घाबरलेल्या क्षणी हाताला सवयीचंच सापडतं.