गुडघा दुखतो, म्हणून बसून राहावे काय?

'आई, तू उठू नकोस, पाणी मी आणते.' घरोघरी ऐकू येणाऱ्या या वाक्यात माया आहे, यात शंका नाही. परंतु गुडघे झिजलेल्या माणसाचे या मायेने हित होतेच असे नाही.

सांध्यातील हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. हालचालीसरशी ती दाबली जाते, पुन्हा सैल होते आणि सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून आपले पोषण मिळवते. हालचाल थांबली की हे पोषण मंदावते. शिवाय पावलागणिक बसणारा धक्का झेलणारा मांडीच्या पुढील बाजूचा स्नायू रोडावतो. मग भार सांध्यावर येतो, दुखणे वाढते आणि माणूस आणखीच बसून राहतो.

झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारी गोळी आजही उपलब्ध नाही. स्नायू मात्र सत्तरीतही बळकट होतो. खुर्चीत ताठ बसावे, एक पाय समोर सरळ करावा, मांडी आवळून पाच आकडे मोजावेत व पाय सावकाश खाली आणावा. प्रत्येक पायाने दहा वेळा, दिवसातून दोनदा. श्वास रोखू नये. आरंभी थोडे दुखले तरी भिऊ नये. वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशीही टिकले, तर संख्या कमी करावी. गुण दिसण्यास सहा ते आठ आठवडे लागतात, आणि बहुतेकजण तिसऱ्याच आठवड्यात कंटाळतात!

वजन एक किलोने उतरले, तर चालताना गुडघ्यावरील भार प्रत्येक पावलागणिक सुमारे चार किलोंनी हलका होतो. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. पुष्कळजण नेमके उलट करतात. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा. मांडी घालून व उकिडवे बसणे टाळावे. पूजाही खुर्चीत बसून करावी. देवाचा त्यास आक्षेप नसावा.

औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचे मात्र भय बाळगावे. रोज घेतल्यास जठरात व्रण होऊ शकतो, मूत्रपिंडांना इजा पोहोचते, रक्तदाब वाढतो. वेदनाशामक मलम आधी वापरून पाहता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. गुडघा अकस्मात लाल, गरम होऊन सुजला व अंगात ताप असला, तर ही नेहमीची झीज समजू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.