कार्डावरची उंची

26 एप्रिल 2017 रोजी गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून उडालेले प्रशिक्षण विमान वैनगंगेच्या पात्रावर आडव्या बांधलेल्या तारेला धडकून नदीत कोसळले. प्रशिक्षक आणि विद्यार्थी, दोघेही गेले. तार आपल्या जागी होती. विमानाला तेवढ्या खाली असण्याचे काही कारण नव्हते. वस्ती नसलेल्या भागातही जमिनीपासून वा पाण्यापासून किमान 500 फूट वर राहायचे, हा नियम पहिल्याच वर्गात शिकवला जातो.

जुलै 2021 मध्ये शिरपूरच्या वैमानिक प्रशिक्षण अकादमीचे विमान चोपडा तालुक्यात सातपुड्यात आदळले. प्रशिक्षक ठार झाला. गंभीर जखमी विद्यार्थिनीला आदिवासी गावकऱ्यांनी झोळीतून डोंगर उतरवून आणले. तिचा जीव वाचला तो त्यांच्यामुळे. मार्च 2023 मध्ये पुन्हा बिरसीहून निघालेले विमान बालाघाटच्या डोंगरात पडले आणि पुन्हा दोघे गेले.

प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी. पण शिकाऊ विमानातल्या त्या दोन खुर्च्यांमधले नाते सगळीकडे तेच असते. व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते, त्यासाठी घरच्यांनी लाखो रुपयांचे कर्ज काढलेले असते, आणि लॉगबुकवर सही शेजारच्या ‘सरां’ची. अशा वेळी ‘सर, आपण फार खाली आलोय’ असे विशीतल्या मुलाने म्हणावे, अशी अपेक्षा ठेवून आपण स्वस्थ बसतो. हे मला भयंकर वाटते.

आजच्या बहुतेक प्रशिक्षण विमानांत उंची, वेग, मार्ग यांची नोंद मेमरी कार्डवर करण्याची सोय असते. अपघातानंतर तपास अधिकारी ते कार्ड अवशेषांतून शोधून वाचतात. विमान सुखरूप उतरले त्या संध्याकाळीच ते वाचायला कोणी अडवले आहे? सवय एका दिवसात लागत नाही. खाली उडणारा आधीही खाली उडालेला असण्याचीच शक्यता जास्त, आणि ते कार्डावर दिसेल.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) 2025 मध्ये उड्डाण शाळांची प्रतवारी सुरू केली, हे चांगले झाले. आता या नोंदींची रोजची तपासणी शाळांवर बंधनकारक करावी. तपासणारा माणूस त्या उड्डाणातला प्रशिक्षक नसावा. आणि विद्यार्थ्याची तक्रार नाव उघड न होता थेट डीजीसीएकडे जावी, शाळेच्या कार्यालयातून नव्हे.