कढई, डबा आणि जीवनसत्त्वे

वसुबारस जवळ आली की घरोघर एक जुना वाद नव्याने सुरू होतो : यंदा फराळ कशात तळायचा? सासूबाई साजूक तुपाच्या बाजूने असतात, सूनबाई शेंगदाण्याच्या तेलाचे नाव घेतात, कॉलेजात जाणारे चिरंजीव ‘मुळी तळूच नका’ म्हणतात (आणि चकल्यांच्या पहिल्या घाण्याला सर्वांच्या आधी हजर होतात!), तर वाण्याची यादी करणारे यजमान हळूच विचारतात, ‘वनस्पतीचा हल्ली काय भाव आहे?’ या वादात डब्यात वरून काय घातले आहे याची चौकशी सगळे करतात. आतल्या स्निग्ध पदार्थाचे काय केले आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. तेच आज पाहू.

वनस्पती तुपाची गोष्ट यासाठी फार बोधप्रद आहे. पातळ तेलात निकेलच्या भुकटीच्या साहाय्याने हायड्रोजन वायू मिसळला की ते थिजते, हे विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1901 साली दाखवून दिले. मुंबईत शिवडीच्या कारखान्यात 1932 पासून असे तूप होऊ लागले आणि 1937 मध्ये ‘डालडा’ बाजारात आला. दिसायला रवाळ, टिकायला उत्तम आणि साजूक तुपाच्या मानाने कितीतरी स्वस्त! महिन्याच्या पगारात घर चालवणाऱ्या गृहिणीला त्याचा आधार वाटला यात नवल नाही. पिवळा डबा रिकामा झाला की त्यात डाळ-तांदूळ भरले जात, नाहीतर तुळस लागे.

पण मग साजूक तुपातली जीवनसत्त्वे गेली, त्यांचे काय? ही शंका मोठी रास्त होती. विस्कॉन्सिनमध्ये मॅकॉलम आणि मार्गरेट डेव्हिस यांनी 1913 साली उंदरांवर प्रयोग केले होते. डुकराच्या चरबीवर किंवा ऑलिव्ह तेलावर ठेवलेल्या उंदरांची वाढ खुंटे. लोण्यातला किंवा अंड्यातला स्निग्ध अंश दिला की ती पुन्हा सुरू होई. त्या अज्ञात द्रव्याला पुढे ‘अ’ जीवनसत्त्व हे नाव मिळाले. ते कमी पडले की रातांधळेपणा येतो. म्हणून आपल्या सरकारने 1953 पासून वनस्पतीत ‘अ’ जीवनसत्त्व घालण्याची सक्ती केली. ग्रॅममागे 25 आंतरराष्ट्रीय एकके.

आणखी एक सक्ती मोठी गमतीची होती. वनस्पतीत शेकडा 5 तिळाचे तेल घालावे लागे. हेतू चवीचा नव्हता. साजूक तुपात कोणी वनस्पती मिसळली, तर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि किंचित साखर घालून हलवताच तिळाच्या तेलामुळे गुलाबी-लाल रंग येई आणि चोरी उघडी पडे! शाळेच्या प्रयोगशाळेत ही परीक्षा कित्येकांनी केली असेल.

एवढा सगळा बंदोबस्त झाला, पण खरी गोम राहिली ती तुपाच्याच अंगात. ती समजायला रसायनशास्त्राची पदवी नको. तेलाचे रेणू वाकड्या काटक्यांसारखे असतात. वाकड्या काटक्यांची मोळी घट्ट बसत नाही, म्हणून तेल पातळ. हायड्रोजनने या काटक्या सरळ होतात, मोळी गच्च बसते आणि तेलाचे तूप होते. परंतु काम अर्धवट ठेवले की काही काटक्यांचा बाक निसर्गात क्वचितच आढळणाऱ्या उलट्या तऱ्हेने बसतो. यांनाच ‘ट्रान्स’ स्निग्धाम्ले म्हणतात. मेनसिंक आणि काटान या दोघा डच शास्त्रज्ञांनी 1990 साली दाखवले की ती रक्तातले घातक कोलेस्टेरॉल वाढवतात आणि हितकारक कोलेस्टेरॉल कमी करतात. एकाच वेळी दोन्ही बाजूंनी नुकसान! शिवाय शरीराला स्वतः तयार करता न येणारी, तेलातली आवश्यक स्निग्धाम्ले या उद्योगात घटतात, ती वेगळीच. म्हणजे डब्यावरच्या जीवनसत्त्वाच्या अक्षरांत खोटे काही नव्हते. पण ज्या पाहुण्याला आपण चांगला पोशाख देऊन घरात घेतला, त्याची वर्तणूक कोणी पाहिली नव्हती.

आपल्याकडे कायद्याने ट्रान्सची मर्यादा हळूहळू खाली आणली आणि जानेवारी 2022 पासून ती शेकडा 2 वर आली. हे फार चांगले झाले. तरीही आजची वनस्पती बहुधा पाम तेलाची असते आणि त्यातला जवळजवळ निम्मा भाग संपृक्त स्निग्धांचा. तेव्हा ट्रान्स गेले म्हणून हात मोकळा सोडू नये. बिस्किटे, खारी, पफ घेताना वेष्टनावर ‘हायड्रोजनेटेड’ हा शब्द आहे का तेवढे पाहावे. तेलाच्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत ‘कोलेस्टेरॉलविरहित’ असे छापतात, त्याला मात्र भुलू नका. वनस्पतिज तेलात कोलेस्टेरॉल नावापुरतेच असते. केळीवाल्याने ‘आमची केळी शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी लावावी, तसलाच हा प्रकार!

आता चिरंजीवांचे ‘तळूच नका’. तेल-तूप अजिबात वर्ज्य करणारी तरुण मंडळी हल्ली बरीच दिसतात. त्यांना सांगायचे एवढेच की अ, ड, ई आणि के ही चारही जीवनसत्त्वे स्निग्धात विरघळणारी आहेत. गाजरातला, मेथीतला, अळूतला, शेवग्याच्या पाल्यातला कॅरोटीन आतड्यांतून नीट शोषला जाण्यासाठी जेवणात थोडे तरी तेल लागते. चमचाभर पुरते. गाजराच्या कोशिंबिरीवर आजी फोडणी घाले, ती नुसत्या चवीपुरती नव्हती.

मग किती घ्यावे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या ताटात दोन हजार कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला 27 ग्रॅम तेल-तूप धरले आहे. चार मोठ्या माणसांच्या घराला महिन्याचा हिशेब होतो सव्वातीन किलोच्या आसपास, आणि त्यात पोळीवरचे, लाडवातले, फोडणीचे सगळे आले. ज्या घरात पाच लिटरचा डबा महिनाअखेर खडखडतो, त्या घराने फराळाच्या निमित्ताने हा हिशेब एकदा वहीत मांडून पाहावा.

कोणते तेल, याचे उत्तर एका नावात नाही. शेंगदाणा, करडई, तीळ, कोकणात खोबरेल : प्रत्येकाचा घाट निराळा. करडईत आवश्यक स्निग्धाम्ले भरपूर, खोबरेलात संपृक्त अंश फार. आलटून-पालटून वापरावे हेच शहाणपण. विदर्भात जेवताना जवसाची चटणी पानात पडते; माशांविना राहणाऱ्या घरांना ओमेगा-3 मिळवण्याचा तो एक फार स्वस्त मार्ग आहे.

आणि सासूबाईंचे साजूक तूप? पुरणपोळीवर चमचाभर अवश्य घ्यावे, पण सबंध कढई तुपाने भरण्यात लाभ नाही. तळण्याच्या उष्णतेत, हवेच्या संगतीने ‘अ’ जीवनसत्त्वाचा बराचसा नाश होतो. ज्याच्यासाठी तूप महाग घेतले तेच कढईत गमवायचे, हा कुठला व्यवहार?

राहिले चकल्यांनंतरचे उरलेले तेल. पुन्हा पुन्हा तापवल्याने तेलात घातक पदार्थ साचतात. म्हणून व्यावसायिकांवर 1 जुलै 2018 पासून त्याची कायदेशीर मर्यादा घातली गेली. घरात तपासनीस येत नाही, तेव्हा डोळ्यांनीच पाहावे. काळपट झाले, चिकट झाले, फेस येऊ लागला, पूर्वीपेक्षा लवकर धुरावले की ते तेल संपले असे समजावे. चांगले असेल तर गाळून, झाकून ठेवावे आणि दोन-एक दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवावे. त्यात नवे तेल ओतून पुढच्या रविवारच्या भज्यांसाठी मात्र ठेवू नये.