खेळणारा आणि खेळ घडवणारा



गेल्या चातुर्मासात चिंचवडला प्रवचन आटोपून बाहेर पडत असताना एका परिचित धर्मबंधूंनी मला थांबविले. भोसरी एमआयडीसीत त्यांची पत्रा, अँगल आणि चॅनेलची पेढी आहे. मोशी-कुरुळीपासून चाकणपर्यंतच्या लहानमोठ्या वर्कशॉपना ते माल पुरवितात. म्हणाले, "तुम्ही दर महिन्याला मुलांच्या शिक्षणावर लिहिता, म्हणून विचारतो. आमचा धाकटा बारावीला आहे. त्याला व्हिडिओ गेम डिझाइनची पदवी घ्यायची आहे. चार वर्षे, आणि फीदेखील थोडकी नाही. खेळायलाही आता विद्यापीठ लागते का हो?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. बोलता बोलता ती उलगडत गेली. पैसा आणि वर्षे वाया जातील, ही पहिली काळजी. गेम म्हणजे जुगाराचेच नवे रूप, ही दुसरी. पडद्यावर दिवसभर मारामारी रंगवणे आपल्या घराला शोभेल का, ही तिसरी. चौथी त्यांनी बोलून दाखविली नाही. परंतु दोन पिढ्यांच्या पेढीकडे वळलेली त्यांची नजर मला समजली.

अशी विचारणा आता अनेक घरांतून होऊ लागली आहे. म्हणून यावेळचे पान त्या विषयाला.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. खेळणे आणि खेळ घडवणे यांत मिठाई खाणे आणि मिठाईचे दुकान चालविणे यांइतके अंतर आहे. या पदवीत चित्रकला, त्रिमितीय आकार घडवणे, संगणकाची भाषा, कथा, ध्वनी आणि मानसशास्त्र यांची तोंडओळख होते. विद्यार्थी आधी कागद, सोंगट्या आणि फासे घेऊन नियम रचतात. मग परक्या माणसाला खेळायला बसवतात आणि स्वतः मागे गप्प उभे राहतात. तो कोठे अडखळतो, कोठे कंटाळतो, हे टिपून नियम बदलतात आणि पुन्हा खेळवतात. शेवटच्या वर्षी गटाने एक पूर्ण खेळ तयार करून दाखवावा लागतो. ज्याला केवळ खेळण्याची आवड आहे, तो मुलगा या कामाला पहिल्या सहामाहीतच कंटाळण्याचा संभव अधिक.

अशी पदवी ही कालपरवाची गोष्ट नाही. स्कॉटलंडमधील डंडी शहरातल्या अ‍ॅबर्टे विद्यापीठाने संगणकीय खेळांची पदवी १९९७ मध्ये सुरू केली. डंडीचा इतिहास आपल्या औद्योगिक पट्ट्यातील व्यापाऱ्याने मुद्दाम जाणून घ्यावा. एके काळी हे तागाचे शहर होते. बंगालचा कच्चा ताग तेथे जाई आणि त्याची गोणपाटे जगभर विकली जात. पुढे कलकत्त्याच्या गिरण्या वरचढ ठरल्या आणि डंडीच्या गिरण्या एकेक करून थंडावल्या. नंतर टायमेक्स या घड्याळांच्या कंपनीचा कारखाना गावाला काम देत होता. तेथे घरगुती संगणकही जोडले जात. १९९३ मध्ये तोही बंद झाला. याच कारखान्यात काम केलेल्या डेव्हिड जोन्स या तरुणाने नोकरी सोडताना मिळालेल्या पैशांतून एक संगणक घेतला आणि पुढे खेळ तयार करणारी कंपनी काढली. तिचा 'लेमिंग्ज' हा खेळ १९९१ मध्ये जगभर गाजला. अशा कंपन्यांना शिकलेली माणसे हवी होती, म्हणून विद्यापीठाने पदवी काढली. गावात आधी धंदा उभा राहिला आणि अभ्यासक्रम त्याच्या मागून आला, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मग आपल्याकडे हा धंदा आहे का? आहे, आणि घरापासून फार दूर नाही. फ्रान्सच्या यूबीसॉफ्ट कंपनीचा पुण्यातील स्टुडिओ २००८ पासून चालू आहे. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने 'राजी' हा प्राचीन भारतीय वातावरणातील खेळ २०२० मध्ये जगापुढे आणला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'च्या पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. पुण्याच्या सुपरगेमिंगने 'इंडस' हा खेळ २०२४ मध्ये आणला. टाळेबंदीच्या दिवसांत आजी-नातवंडे मोबाइलवर जो 'लुडो किंग' खेळली, तो मुंबईच्या गेमेशन कंपनीचा. मुंबईचीच नझारा टेक्नॉलॉजीज मार्च २०२१ मध्ये शेअर बाजारात आली. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन, दृश्य परिणाम आणि गेमिंग या क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरणही मंजूर केले.

तथापि खात्याची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. 'राजी'साठी लोकवर्गणीतून भांडवल उभारण्याचा पहिला प्रयत्न फसला होता. यश आले ते त्यानंतर काही वर्षे टिकून राहिल्यावर. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या गेमिंग विभागातून १,९०० माणसे कमी केली आणि पुढच्याच महिन्यात सोनीच्या प्लेस्टेशन विभागाने सुमारे ९००. हा तेजी-मंदीचा धंदा आहे. वाहन उद्योगाच्या सुट्ट्या भागांवर जगणाऱ्या आपल्या पट्ट्याला तेजी-मंदी नवी नाही. मात्र येथे गोदामात माल शिल्लक उरत नाही, उरते ते केवळ हातातले कसब. म्हणून कसब एकापेक्षा अधिक ठिकाणी चालणारे हवे. तसे ते चालतेही. खेळ ज्या संगणकीय 'इंजिनां'वर बनतात, त्यांचा उपयोग आता मोटारींत होऊ लागला आहे. तळेगावच्या कारखान्यातील उत्पादन २०२० च्या अखेरीस थांबविणाऱ्या जनरल मोटर्सने परदेशात आपल्या विद्युत हमरच्या डॅशबोर्डचा पडदा 'अनरियल' या गेम इंजिनावर उभारला. यंत्रावर जाण्यापूर्वी कामगाराला आभासी प्रशिक्षण देणे, नव्या कारखान्याची मांडणी आधी पडद्यावर फिरून पाहणे, यांसाठीही हेच कसब लागते.

आता जुगाराची शंका. आपल्याकडे सप्त व्यसनांच्या यादीत जुगार आरंभीच येतो, त्यामुळे ही शंका अगदी योग्य आहे. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आणि इतर खेळ यांत आता कायद्यानेच रेघ ओढली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयीच्या कायद्याने पैशाच्या खेळांना बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक, शैक्षणिक खेळांना मान्यता दिली. तरीही पालकांनी सावध राहावे. पैसा न लावताही माणसाला पडद्याशी जखडून ठेवण्याच्या युक्त्या खेळात घालता येतात. त्या घालायच्या की नाहीत, हा घडवणाऱ्याच्या सचोटीचा प्रश्न आहे. वजनकाट्यात खोट ठेवायची की नाही, हाही तसाच प्रश्न असतो.

तिसरी काळजी सर्वांत खोल, आणि ती या घरात आजीने बोलून दाखविली. नातू म्हणाला, "आजी, पडद्यावर खरे कोणी मरत नाही." आजीने त्याला यशोधर राजाची कथा सांगितली. आईच्या आग्रहाखातर राजाने जिवंत कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा देवीपुढे बळी दिला. रक्ताचा थेंब सांडला नाही. परंतु मारण्याचा भाव मनात होता, म्हणून मायलेकांना जन्मोजन्मी पशुयोनीत फिरावे लागले. सोमदेवसूरींनी दहाव्या शतकात ही कथा 'यशस्तिलक' ग्रंथात विस्ताराने गुंफली आहे. नातू त्यावर काही बोलला नाही. वडिलांना वाटले, विषय संपला.

मला मात्र वाटते, विषय तेथून सुरू होतो. वर उल्लेखिलेल्या डंडीच्या कंपनीचेच उदाहरण घ्या. 'लेमिंग्ज'मध्ये दरीत, पाण्यात, आगीत चालत जाणाऱ्या चिमुकल्या जिवांना वाचवून पलीकडे न्यायचे असते. त्याच कंपनीने १९९७ मध्ये गाड्या चोरण्याचा आणि गुन्हेगारीचा खेळ काढला. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' हे त्याचे नाव आपल्या मुलांना ठाऊक असते. कंपनी एकच आणि कसबही एकच, मात्र माल वेगळा. कोणता माल विकावा आणि कोणता विकू नये, हा विचार आपल्याला नवा नाही. श्रावकाने कोणते धंदे टाळावेत, याची पंधरा कर्मादानांची यादी आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे. जो मुलगा ती यादी समजून घेऊन या क्षेत्रात उतरेल, त्याला कधीतरी नको असलेले काम नाकारावे लागेल आणि त्याची किंमतही मोजावी लागेल. प्रवेशाआधी घरात मोकळेपणाने बोलावे, ते याविषयी.

आणि खेळातून चांगले काही सांगता येते, याचा पुरावा आपल्याच परंपरेत आहे. सापशिडीचा पूर्वज असलेली ज्ञानबाजी किंवा ज्ञानचौपड जैन घरांत पर्युषणाच्या दिवसांत खेळली जाई. ८४ घरांचे तिचे जुने पट आजही संग्रहालयांत पाहावयास मिळतात. सद्गुणाच्या घरातून शिडी वर नेते, दुर्गुणाच्या घरातला साप खाली ओढतो आणि सर्वांत वर सिद्धशिला. उपदेशाचा एक शब्द न उच्चारता ती सोंगटी पुढे सरकवणाऱ्या हाताला कर्माचा हिशेब समजावते. ज्याने तो पट प्रथम आखला, तोही खेळ घडवणाराच होता.

राहिला व्यवहाराचा भाग. महाविद्यालय निवडताना पत्रकावरील रंगीत चित्रांना भुलू नये. पदवी देणारे विद्यापीठ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे की एखादी खासगी संस्था केवळ प्रमाणपत्र देणार आहे, हे आधी तपासावे. शिकविणाऱ्यांपैकी किती जणांचे खेळ प्रत्यक्ष बाजारात आले आहेत, हे विचारावे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी केलेले खेळ स्वतः खेळून पाहावेत. कंपनीत काम करण्याची सहामाही अभ्यासक्रमात आहे का आणि मध्येच सोडल्यास पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे प्रमाणपत्र मिळते का, हेही पाहावे. घाई नसेल तर दुसरी वाट अशी : आधी डिझाइनची किंवा संगणकाची सर्वसाधारण पदवी घ्यावी आणि पदव्युत्तर शिक्षणात या विषयाकडे वळावे. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बेंगळुरू येथील केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा आणि गांधीनगर येथे खेळणी व खेळ यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. १९६१ मध्ये अहमदाबादेत स्थापन झालेल्या या संस्थेच्या उभारणीत सराभाई या जैन गिरणीमालक घराण्यातील गौतमभाई आणि गिराबहेन यांचा मोठा वाटा होता. डिझाइन आपल्या समाजाला परके नाही, हे यावरून कळावे.

आणि फी भरण्यापूर्वी एक चाचणी घ्यावी, जिला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. 'गोडो' हे गेम इंजिन आणि 'ब्लेंडर' हे त्रिमितीय आकार घडविण्याचे साधन, दोन्ही विनामूल्य आहेत. मुलाला तीन महिने द्यावेत. त्याने एक छोटा खेळ पूर्ण करावा आणि दहा परक्या माणसांना खेळायला द्यावा. बाजाराचा हिशेबही त्यानेच मांडावा : 'स्टीम' या विक्रीमंचावर खेळ ठेवण्यास १०० डॉलर लागतात आणि १०० रुपयांच्या विक्रीतले साधारण ३० रुपये मंच ठेवून घेतो. उरलेल्यात कर, जाहिरात आणि आपली मेहनत.

माझ्या या मित्रांनी ही चाचणी घेतली. मुलाने पेढीवरच खेळ बेतला : टेम्पोत माल भरायचा आणि मोशी, कुरुळी, चाकण असा उतरवत जायचा. पहिली आवृत्ती त्याने गोदामातल्या माथाडी टोळीच्या मुकादमांना दाखविली. त्यांनी दोन मिनिटे खेळून मोबाइल परत दिला. "तुझ्या खेळाला माल भरता येत नाही रे. शेवटी उतरायचा तो आधी भरायचा. पण जड माल मोशीचा आणि हलका चाकणचा असला, तर काय करायचे? आम्ही रोज तिथेच डोके लावतो." मुलगा वहीत लिहीत राहिला. पुढचे तीन आठवडे तो रोज संध्याकाळी गोदामात येऊन टेम्पो भरताना पाहत उभा राहिला. आजवर त्याला पेढीवर बोलवावे लागत असे.

नवी आवृत्ती मुकादम अर्धा तास खेळले, दोनदा हरले आणि तिसऱ्यांदा मागून घेऊन खेळले. आजीनेही खेळून पाहिली. तिने एवढेच विचारले, "यात कोणाला मारायचे नाही ना?"

मित्रांचा परवा फोन आला. पेढीचे काय होणार, हे त्यांना अजून ठरविता आलेले नाही. मोठी कन्या हिशेब पाहू लागली आहे, एवढे ते म्हणाले. मग थांबून त्यांनी विचारले, "प्रवेशाच्या अर्जात पालकाचा व्यवसाय लिहायचा रकाना आहे. तेथे नुसते 'व्यापार' लिहू, की लोखंडाचा व्यापार?"

मी म्हणालो, "लोखंडाचा लिहा. मुलाचा पहिला खेळ त्यातूनच आला आहे."

जय जिनेंद्र.