वेतन की मानधन?

केंद्र सरकारने २०२५ साली न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग नेमला. केंद्राचा आयोग बसला की मागोमाग राज्यानेही वेतनाचा फेरविचार करावयाचा, हा क्रम आता रूढ झाला आहे. तेव्हा मुंबईत नवी कोष्टके मांडली जाण्यापूर्वीच एक प्रश्न स्पष्टपणे विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते. सरकारचे काम करणारा प्रत्येक माणूस या कोष्टकांत येणार आहे काय?

किमान वेतन ही कोणाची मेहेरबानी नव्हे. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने त्याचे माप घालून दिले : माणशी २,७०० उष्मांकांचे अन्न, चौघांच्या कुटुंबास वर्षाकाठी ७२ वार कापड, शिवाय निवारा व इंधन. याच मापाने सातव्या केंद्रीय आयोगाने किमान वेतन १८,००० रुपये ठरविले. महाराष्ट्राने मात्र १ जानेवारी २०१६ पासूनच्या आपल्या श्रेणीचा आरंभ १५,००० रुपयांवर केला. केंद्राच्या शिपायाची भूक आणि राज्याच्या शिपायाची भूक यांत तीन हजारांचे अंतर कोणत्या शास्त्राने पडले? केंद्राशी बरोबरी मिळावी म्हणून १९७७-७८ साली राज्य कर्मचाऱ्यांनी ५४ दिवसांचा संप केला होता, याचे तरी स्मरण सरकारने ठेवावयास हवे होते.

तरीही ज्याला श्रेणी आहे तो सुदैवीच म्हणावयाचा! औसा तालुक्यातील कोणत्याही गावी जाऊन सरकार म्हणजे कोण, असे विचारा. गावकरी कोतवालाकडे, अंगणवाडी सेविकेकडे, शिक्षण सेवकाकडे बोट दाखवितील. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे याच तालुक्यातील किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा शासनाला गावपातळीवरील या नोकरवर्गाचे मोल कळावयास हवे होते. पण या मंडळींना मिळते ते वेतन नव्हे, मानधन. त्यात मान थोडा आणि धन त्याहून थोडे.

शिक्षण सेवकाचेच पाहा. प्राथमिक शाळेतील शिक्षण सेवकाचे मानधन २०२३ साली ६,००० वरून १६,००० रुपये झाले. वाढ मोठी खरी. परंतु तीन वर्षे त्यावर महागाई भत्ता नाही. २०२४ च्या आरंभी भत्ता ५० टक्के झाला, तेव्हा नव्या शिपायाचे वेतन भत्त्यासह २२,५०० रुपये होत होते. शिपायास अधिक मिळते हे आमचे दुखणे नव्हे. मुलांना अक्षर शिकविणाऱ्याला सरकार आपला माणूस मानावयास तीन वर्षे लावते, हे आहे. समान कामास समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या नोकरांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले. अंगणवाडी सेविकांचा उपदानाचा हक्क २०२२ साली मान्य केला. न्यायालयाने जे ओळखले ते कोष्टक करणाऱ्यांना दिसू नये काय?

यावर शेतकरी विचारील की, २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपयांचा हमीभाव असूनही लातूरच्या बाजारात आमचे सोयाबीन त्याखाली विकले गेले. मग आमच्या करातून पगारवाढ कशासाठी? हा प्रश्न रास्त आहे, आणि कचेरीतील ज्या खुर्च्या दुपारीही रिकाम्या आढळतात त्यांवर बसणाऱ्यांनी तो मनावर घ्यावा. पण शेतकऱ्याचे मूल ज्या अंगणवाडीत व शाळेत जाते, तेथील सेविका व शिक्षक अर्धपोटी ठेवून त्याच्या सोयाबीनला भाव येणार नाही.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. राज्याने किमान वेतन केंद्राच्या किमान वेतनाइतके करावे. जे काम वर्षानुवर्षे चालते ते करणाऱ्याला श्रेणी व महागाई भत्ता द्यावा. तिजोरीवर भार पडत असेल तर वरच्या पायऱ्यांची वाढ काही काळ रोखावी; सातव्या आयोगाने सर्वोच्च वेतन अडीच लाखांवर, म्हणजे किमान वेतनाच्या जवळजवळ चौदा पटींवर नेले आहे. वेतनसुधारणेची परीक्षा सचिवालयात होत नाही. औशाच्या एखाद्या वाडीत महिनाअखेरीस वाण्याची उधारी फिटते की नाही, यावर ती होते.